तांड्यावरचं वायरलेस आणि नाल्यातला झिरा

दहाचं शेड्यूल संपलं. हेडफोनमध्ये सरांचे शेवटचे टिक-टाक आले : तुझं काही ऐकू येत नाही, पुन्हा अकराला ऐकतो. मग नुसती खरखर राहिली. मी हेडफोन काढले, तर समोर डॉक्टरसाहेब कमरेवर हात ठेवून उभे.

"गेला का निरोप?"

"नाही, साहेब."

"मग सकाळपासून काय करून राहिलात?"

सकाळपासून मी तोच एक निरोप पाठवत होतो. "औषध संपलं. उरलेल्या बाटल्या इकडे पाठवा." हिंगोलीहून सरांचं मला ऐकू येत होतं, पण माझं त्यांना जात नव्हतं.

आधी थोडं सांगायला हवं. मी कॉलेजात इंटर सायन्सला आहे. आमच्या घरातला कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील हिंगोलीजवळ शेती करतात. आमच्या फिजिक्सच्या सरांना हौशी वायरलेसचा नाद आहे आणि त्यांच्याकडे सरकारी परवाना आहे. या कामाचा पगार नसतो, उलट मागे लागून ते मिळवावं लागतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत गुरांमध्ये बुळकांडीची साथ आली, तेव्हा सर स्वतःच गुरांच्या दवाखान्यात गेले आणि म्हणाले, "तुमचे निरोप आम्ही पोचवतो." सर हिंगोलीला मोठा सेट घेऊन बसले. मला छोटा सेट देऊन डॉक्टरसाहेबांबरोबर सेनगावच्या पुढे बंजाऱ्यांच्या एका तांड्यावर पाठवलं. इतकी जबाबदारी मला कोणी पहिल्यांदाच दिली होती. मी रस्ताभर सेट मांडीवर घेऊन बसलो होतो.

छोट्या सेटवरून बोलणं जात नाही. मोर्सच्या बटणावर आखूड आणि लांब ठोके द्यायचे, त्यांचीच अक्षरं होतात. बॅटरी पुरवून वापरावी लागते, म्हणून दर तासाला फक्त दहा मिनिटं दोघांनी ऐकायचं ठरलेलं. त्याला शेड्यूल म्हणतात.

त्या दिवशी निरोप का जायला हवा होता, तेही सांगतो. बुळकांडी अडवणारं सिरम सुईने देतात. तांड्यातल्या लोकांचा सुईवर विश्वास नव्हता. सोमला नायक, म्हणजे तांड्याचे प्रमुख, दोन दिवस घरोघर फिरले. "ढोराला काही झालं तर माझी जोडी घेऊन जा," असं त्यांनी प्रत्येकाला सांगितलं. मग लोक तयार झाले. नायकांनी सगळ्यांची गुरं पुढे घातली आणि आपली मागे ठेवली. आणि आदल्या संध्याकाळी बाटल्या संपल्या. नायकांची आणि आणखी सात घरांची गुरं राहिली. शेजारच्या गावात रोग शिरल्याची बातमी सकाळी आली. त्या सात घरांनी सांगितलं की दुपारपर्यंत औषध आलं नाही तर आम्ही गुरं हाकलून पैनगंगेकडे निघतो.

"तसं झालं तर वाटेतल्या प्रत्येक गावात रोग जाईल," डॉक्टरसाहेब मला म्हणाले. "आणि पुन्हा या भागात मला कोणी सुई काढू देणार नाही."

हिंगोलीच्या दवाखान्यात बर्फाच्या पेटीत शेवटच्या बाटल्या होत्या. साडेअकराला तीच पेटी घेऊन दवाखान्याची मोटार कळमनुरीकडे निघणार होती. आम्ही आठ कोसांवर. तांड्यात घोडं एकच, आणि ते लंगडत होतं.

म्हणजे अकराचं शेड्यूल. तेवढंच हातात होतं.

मी सेट उघडला. बॅटरी पाहिली, ठीक होती. व्हॉल्व्ह, म्हणजे सेटमधला काचेचा दिवा, तोही पेटत होता. तरी मी तो काढून दुसरा घातला. प्रत्येक जोड हलवून पाहिला. एरियलच्या तारेत मी टॉर्चचा बारका बल्ब जोडलेला असतो. तारेत वीज नीट गेली की तो लख्ख पेटतो. पहिल्या दिवशी त्याच्याकडे बघवत नव्हतं. आता बटण दाबलं की काजव्याएवढा उजेड पडायचा.

माझ्याभोवती माणसं जमली होती. "बाबू, कालपरवा दिवा कसा भडकत व्हता, आज काहून मिणमिण करून राहिला?" एकाने विचारलं.

"बघतोय," मी म्हणालो.

"त्येला भूक लागली आसंल."

सगळे हसले. मी घड्याळात पाहिलं. साडेदहा होत आले होते. यंत्र बिघडलं तर दोष यंत्रातच शोधायचा, एवढंच मला कळत होतं. वही काढून सरांनी दिलेल्या आकृत्या पुन्हा पाहिल्या. कोणाला काही विचारावं असं सुचलंच नाही. खरं सांगायचं तर कॉलेजातला म्हणून मला तिथे पाठवलेलं, मग मी विचारणार कसा, असंही मनात होतं.

नायकांची आई काठी टेकत आली. सगळा तांडा तिला याडी म्हणतो. याडी म्हणजे आई. तिने सेटकडे पाहिलंही नाही. सेटच्या मागून एक तार जमिनीत ठोकलेल्या लोखंडी कांबीला जात होती, तिथे ती थांबली. या कांबीला अर्थिंग म्हणतात. एरियल वर आणि अर्थिंग खाली, या दोघांमध्ये आमचं सगळं काम चालतं. कांब ओल्या जमिनीत घट्ट हवी. पहिल्या दिवशी मी ती ठोकून वर दोन घागरी पाणी ओतलं होतं.

याडीने काठीने कांबीला धक्का दिला. कांब सैल दातासारखी हलली.

"लेकरा, हे काहून गाडलं हितं?"

"जमिनीला जोडायला."

"जमिनीला?" तिने काठी कांबीशेजारच्या भेगेत घातली. काठी निम्मी आत गेली. "तुहं लोखंड तर वाऱ्यात उभं हाय. कोणाचा रे तू?"

"कुणब्याचा."

"कुणब्याचा, अन् भुई कळंना?"

या वेळी हसू जरा मोठं आलं. मीही हसलो, पण कान तापले. वैशाखात काळी जमीन भेगाळते हे मला काय कोणी शिकवायला हवं होतं? आमच्या शेतात अशा भेगेत माझी चप्पल गेली आहे. दोन दिवसांच्या उन्हात ओल उडाली, माती आकसली आणि कांबीभोवती पोकळी झाली. मी अर्धा तास व्हॉल्व्ह पुसत बसलो होतो.

"पाणी आणा," मी म्हणालो. एकाने घागर ओतली. पाणी भेगेत गडप झालं. बल्ब किंचित उजळला आणि पुन्हा मावळला.

"समदी हीर वतली तरी ह्या भेगा पिऊन टाकतील," नायक म्हणाले. "अन् पाणी ढोरांलाच पुरंना."

याडीने काठीने खाली नाल्याकडे दाखवलं. "ओल पाह्यजे नं? झिऱ्यावर चाल."

नाला कोरडा होता, पण बायका वाळूत खड्डे करून पाणी काढत. हातभर उकरलं की पाणी झिरपायचं. त्यालाच झिरा म्हणतात. मी घुटमळलो. पुस्तकात लिहिलं होतं, सेट उंच जागी लावावा. नाला तर सगळ्यात खाली. मी डॉक्टरसाहेबांकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघता? मी गुरांचा डॉक्टर."

"उंची जाईल, साहेब. पण ओल मिळेल."

"मग ठरवा. तुमचं खातं आहे."

माझ्या हातातल्या घड्याळात दहा चाळीस झाले होते. मी म्हणालो, "चला, खाली."

त्यानंतर जे झालं ते मी कधी विसरेन असं वाटत नाही. सगळा तांडा उठला. दोघांनी बांबू उपटले. चौघांनी एरियलची तार अशी धरली, जशी लग्नात अंतरपाट धरतात. "जमिनीला टेकवू नका," मी ओरडत होतो, आणि ते एकमेकांना तेच ओरडून सांगत होते. सेट मी छातीशी धरला. राहिली बॅटरी. ती जड, आणि आत तेजाब. कलंडली तर सांडणार आणि भाजणार. उतार दगडधोंड्यांचा. मी हे सांगितल्यावर पुरुष मागे सरले.

नायकांची सून लाली पुढे आली. तिने डोक्यावर चुंबळ ठेवली. "ठिवा," म्हणाली.

"ताई, जरासुद्धा हलली नाही पाहिजे."

"रोज तीन घागरी घिऊन ह्याच वाटंनं चढते. ही तर येकच हाय, अन् उतार हाय."

आम्ही बॅटरी तिच्या डोक्यावर ठेवली. ती हातही न लावता उतरली. बांगड्या वाजत होत्या, मान मात्र जागच्या जागी. मी मागून सेट घेऊन दोनदा घसरलो.

खाली मी कांब भरल्या झिऱ्यात घालायला निघालो, तर दोन बायका अंगावर आल्या. "प्यायच्या पाण्यात लोखंड घालतो व्हय? सरक!" त्यांनी वाळूत बाजूला हातांनीच नवा खड्डा उकरला. मी घड्याळात पाहीपर्यंत तळाला पाणी दिसायला लागलं. कांब आत ठोकली. एरियल काठावरच्या करंजाच्या दोन झाडांना बांधलं. जोडण्या केल्या. घाईत एक जोड दोनदा करावा लागला.

बटण दाबलं. बल्ब पांढरा लख्ख पेटला.

असा गलका झाला की मला हात जोडून सांगावं लागलं, "गप्प राहा, आता ऐकायचं आहे!" मग एवढी माणसं इतकी शांत झाली की वरच्या गुरांच्या घंटा ऐकू येत होत्या.

अकराला दोन मिनिटं होती. बरोबर अकराला मी सरांना हाक दिली आणि बटण सोडलं. हेडफोनमध्ये लगेच उत्तर आलं : छान ऐकू येतंय, सांग. मी निरोप ठोकला. बाटल्या किती हव्या तो आकडा, नियमाप्रमाणे, दोनदा. सरांनी तो उलट पाठवून खात्री केली आणि मग एकच शब्द आला : थांब.

"काय म्हंत्यात?" नायकांनी विचारलं.

"थांब म्हणतात."

"किती?"

"ते नाही सांगितलं."

कोणी हसलं नाही. नायक वाळूवर बसले आणि पागोटं काढून मांडीवर ठेवलं. सात घरांची माणसं त्यांच्याकडे बघत होती, आणि ते माझ्या कानाकडे. अकरा पंचवीसला ठोके आले. सर बहुतेक दवाखान्यातून पळत परत आले असावेत, कारण त्यांचा बटणावरचा हात इतका वेडावाकडा मी कधी ऐकला नव्हता. "मोटार अडवली. पेटी घेऊन तुमच्याकडे निघाली. कळमनुरीला उद्या."

मी मोठ्याने वाचलं. नायकांनी पागोटं डोक्यावर घातलं आणि सात घरांकडे वळून म्हणाले, "आता कोन चाललं पैनगंगेला?"

"कोन न्हाई, नायक. आमी तं पाणी प्यायला उठलो व्हतो," मागून कोणीतरी म्हणालं.

मोटार दुपारी अडीचला आली. शेवटचा अर्धा कोस रस्ता नव्हता, तिथून पेटी लालीनेच आणली. संध्याकाळपर्यंत सगळी गुरं टोचून झाली. नायकांची जोडी अगदी शेवटी. आधीच ताप चढलेली दोन वासरं त्या आठवड्यात गेली. बाकी तांड्यातलं एकही जनावर दगावलं नाही.

आम्ही निघायच्या आधी याडी येऊन सेटपाशी बसली. वाशिमकडच्या तांड्यावर तिचा भाऊ असतो, त्याला खुशाली कळवायची होती. मी म्हणालो, "याडी, तिकडे दुसरा सेट असल्याशिवाय जात नाही."

"म्हंजी हे निम्मंच यंत्र हाय," ती डॉक्टरसाहेबांना म्हणाली. "अन् पोरगं तेवढंच घिऊन आलं."

हिंगोलीला सर बिघाडांची एक नोंदवही ठेवतात. मी लिहिलं : अर्थिंग सुटलेलं, जागा बदलून दुरुस्त. सरांनी वाचलं आणि विचारलं, "कळायला किती वेळ लागला?"

"मला अर्धा तास. एका आजीबाईंना एक क्षण."

त्यांनी माझ्या ओळीखाली एक ओळ वाढवली : ऑपरेटरने जमीन पाहिली नव्हती.

तेव्हापासून सेट मांडला की मी आधी कांब हलवून बघतो, आणि मग त्या गावातल्या कोणाला तरी विचारतो की इथे ओल कुठे असते. दोन मिनिटांचं काम आहे. सेट उघडायला पंचवीस लागतात.