दुसऱ्याच्या अध्यक्षाची बाजू

"आख्खं टाकायचं नाही हो. आधी सोडवा."

काकांचं हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते एका मोडक्या छत्रीबद्दल. टोकियोच्या फुनाबोरी भागातल्या त्यांच्या फ्लॅटच्या बाल्कनीत ते पाटावर बसले होते, हातात पक्कड होती आणि मांडीवर वाऱ्याने उलटी झालेली पारदर्शक छत्री. प्लास्टिक वेगळं, काड्या वेगळ्या, मूठ वेगळी. कचऱ्याच्या नियमांत छत्री इतकी सोडवायला सांगितली होती की नाही, मला आजही खात्री नाही. शेजारची जपानी आजी तर तिची छत्री तशीच्या तशी नेऊन ठेवायची. पण काकांनी स्वतःपुरता नियम केला होता, आणि वादळ येऊन गेलं की आम्ही सगळे आपापल्या मोडक्या छत्र्या त्यांच्याकडे आणून देत असू. चहा मिळायचा, हे खरं कारण.

दुसऱ्यांदा तेच वाक्य ऐकलं ते अमेरिकेच्या एका माजी अध्यक्षाबद्दल.

आता तुम्ही विचाराल की जपानमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांना अमेरिकेच्या अध्यक्षांशी काय देणंघेणं. सांगतो. आमच्या मंडळात एका वर्षी गणपतीत भारतातल्या निवडणुकीवरून असं काही पेटलं, की आरतीला दोन गट हॉलच्या दोन टोकांना उभे राहिले आणि मोदक मध्ये निवत पडले. काका मुंबईच्या एका बँकेतर्फे इथे आलेले, आमच्यात वयाने सगळ्यात मोठे. त्यांनी जाहीर केलं की यापुढे त्यांच्या घरच्या शनिवारच्या चहाला भारताचं राजकारण बोलायचं नाही. जपानचंही नाही, आपण इथे पाहुणे आहोत. उरलं काय? अमेरिका. आणि तिथले सध्याचे नकोत, जुने घ्या, म्हणजे डोकी तापणार नाहीत, असा त्यांचा हिशेब.

साफ चुकला. माणसाला भांडायला स्वतःचं मत असलं की पुरतं, मतदानाचा हक्क असावा लागत नाही. सहा महिन्यांत आमच्यात दोन पक्ष पडले. त्सुकुबाहून शनिवारी गाडीने येणारा सुहास हा संशोधक माणूस, प्रयोगशाळेत तोंडातून शब्द निघायचा नाही म्हणे. तो इथे येऊन सिनेमातून राजकारणात आलेल्या अध्यक्षांची बाजू अशी काही लढवायचा, की ते याचे मामा असावेत. मी विरुद्ध पक्षात. का, ते मला तेव्हाही नीट माहीत नव्हतं. सुहास पलीकडे होता म्हणून असेल.

काका आमच्या बाजूचे. तरुणपणी ते दोन वर्षं अमेरिकेत शिकायला होते, तेव्हा भुईमुगाच्या शेतीतून आलेले अध्यक्ष होते. काका त्यांना प्रेमाने "आमचे शेंगदाणेवाले" म्हणत आणि दुसऱ्यांना "नटवर्य". माझं निरीक्षण असं, की आपल्या विशीत जो खुर्चीवर असतो तो आपला. त्याच्यावर कोणी टीका केली की आपल्या तेव्हाच्या केसांवर केल्यासारखं वाटतं.

पण काकांचं हे प्रेम त्यांना महागात पडलेलं होतं, आणि ते त्यांनी आमच्यापासून लपवलं नाही.

त्यांची मुलगी मुक्ता अमेरिकेत. तिने तिथल्याच मुलाशी लग्न केलं, २०११ च्या मोठ्या भूकंपाच्या आदल्या वर्षी. लग्नाच्या जेवणात व्याह्यांनी सहज नटवर्यांचं कौतुक केलं. ते तरुणपणी सैन्यात होते, त्यांच्या विशीतले अध्यक्ष तेच. काकांनी उत्तर दिलं. त्याला व्याह्यांनी उत्तर दिलं. शेवटी काका भर पंगतीत म्हणाले की त्या नटाला दोनदा मत देणारा माणूस मूर्खच असला पाहिजे. व्याही उठले आणि केक कापायच्या आधी घरी गेले. मुक्ता नव्या साडीत रडली.

"त्यानंतर ती माझ्याशी फक्त हवामानावर बोलते," काका सांगायचे. "टोकियोत पाऊस आहे का, बाबा? आहे. बरं. झाला फोन."

काकूंना तिने स्पष्ट सांगितलं होतं: उद्या मूलबाळ झालं तर तुम्ही एका महिन्यात या, ते दुसऱ्या महिन्यात येतील. एका छपराखाली मला तुम्ही दोघं नकोत. काकू हे आम्हाला सांगताना चहा गाळत होत्या, आणि गाळता गाळता त्यांचा हात थांबला होता. बारसं दोनदा करायचं का मग, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मग भूकंप झाला. काका ऑफिसातून नदीवरच्या पुलावरून चालत घरी आले, काकू टेबलाखाली सुखरूप होत्या. फोन लागत नव्हते. सकाळी मेल उघडली तर पहिला निरोप व्याह्यांचा. दोनच ओळी. तुम्ही दोघं ठीक आहात का? आमच्याकडे एक खोली रिकामी आहे, कधीही या, हवं तितकं राहा.

"ज्याला मी मूर्ख म्हणालो, त्याने," काका म्हणायचे. एवढंच. मी अवघडून जायचो, उठून उगाच बिस्किटं शोधायचो.

तेव्हापासून त्यांच्या घरी नवा कायदा आला. कोणत्याही अध्यक्षाला नावं ठेवायची असतील तर आधी त्याचं एक चांगलं काम सांगायचं. खरं, तपासलेलं. नाही सांगता आलं तर सगळ्यांचे कप धुवायचे. सुहास शेंगदाणेवाल्यांवर तुटून पडायला लागला की काका बोट वर करायचे. "सुहास, आख्खं टाकायचं नाही हो. आधी सोडवा."

"काका, त्यांच्या वेळी महागाई केवढी होती!"

"ती दुसऱ्या पिशवीत. आधी पहिली भर."

सुहास कप धुवायला उठायचा. मीही पुष्कळ धुतले. पण सगळ्यात जास्त काकांनी धुतले, कारण नटवर्यांचं चांगलं काम काही त्यांच्या तोंडून निघत नव्हतं. "दिसायला बरे होते" हे आम्ही बाद केलं. "वेळेवर निवृत्त झाले" हेही बाद. काकू आतून ओरडायच्या, "अहो, त्या साबणाने हात फाटलेत तुमचे, बोला काहीतरी चांगलं!"

ही गंमत होती आणि नव्हतीही. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं की हा गृहस्थ सराव करतोय. बँकेत मोठमोठ्या लोकांना कर्ज नाकारणारा माणूस, दर शनिवारी आमच्यासारख्या पोरासोरांसमोर, एका न आवडणाऱ्या माणसाबद्दल एक बरा शब्द काढायला शिकत होता.

एका शनिवारी तो शब्द निघाला. काका दारातच उभे होते, मी बूट काढायच्या आतच बोलायला लागले. "सापडलं! युद्धाच्या वेळी अमेरिकेने तिथल्या जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं होतं. त्यांची माफी मागणारा कायदा झाला, भरपाईसकट. त्याच्यावर सही कोणाची? नटवर्यांची!" त्यांचा चेहरा असा फुलला होता की जणू सही त्यांनीच केली होती. त्या दिवशी कप सुहासने धुतले, आनंदाने.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात मुक्ता, जावई आणि व्याही जपान बघायला आले. व्याही एकटेच, त्यांची पत्नी पूर्वीच गेलेली. काकूंनी सुहासला आणि मला जेवायला मुद्दाम बोलावलं. "तुम्ही असलात की हे सांभाळून बोलतात. आणि तुम्ही दोघं, खबरदार. अध्यक्ष हा शब्द नको."

व्याही उंच. आत येताना चौकटीला डोकं आपटलं, वर त्यांनीच माफी मागितली. आम्ही जेवायला बसलो. काकूंनी पुरणपोळ्या केल्या होत्या. गाड्या किती वेळेवर येतात यावर बोलणं झालं. हवा किती छान आहे यावर झालं. मग पुन्हा गाड्या. काका इतके गोड बोलत होते की ऐकवत नव्हतं, आणि व्याही त्यांच्याहून गोड. मुक्ता एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. तिच्या ताटातली पोळी तशीच होती.

अखेर तिने मराठीत विचारलं, "बाबा, बरं नाहीये का तुम्हाला?"

काका उत्तर देणार एवढ्यात व्याह्यांनी काटा खाली ठेवला. ते जे बोलले ते मी मराठीत सांगतो. ते म्हणाले, मी तुमच्या माणसाबद्दल वाचतोय. खुर्चीवरून उतरल्यावर तो गरिबांसाठी स्वतः घरं बांधायला जायचा. मीही तसा एक दिवस गेलो. एका दिवसात माझी पाठ गेली. तो म्हातारपणी वर्षानुवर्षं हे करत आला. चांगला माणूस आहे.

काकांनी हातातली पोळी ताटात ठेवली. मग घाईघाईने म्हणाले, आणि तुमच्या माणसाने जपानी लोकांची माफी मागितली. मोठं मन लागतं.

"कसलं मोठं मन?" व्याही म्हणाले. "सुरुवातीला त्याच्याच लोकांचा विरोध होता त्या कायद्याला."

"पण सही केली ना शेवटी!"

"तुमच्या माणसाने दोन वैरी देशांत समेट घडवला, ते बघा!"

"आणि महागाई? पेट्रोलच्या रांगेत मी स्वतः उभा होतो, मला सांगू नका!"

आवाज चढले. व्याह्यांनी टेबलावर हात आपटला, ताक सांडलं. काका खुर्चीतून अर्धे उठले. मुक्ताने नवऱ्याचा दंड घट्ट धरला. काकू पोळीचं उलथनं घेऊन दारात उभ्या राहिल्या. मी सुहासकडे पाहिलं, तो आ वासून बसला होता. आणि मग मुक्ताच्या लक्षात आलं.

"बाबा," ती म्हणाली, "एक मिनिट. तुम्ही कोणाच्या बाजूने भांडताय?"

दोघंही थांबले. काकांनी व्याह्यांकडे पाहिलं, व्याह्यांनी काकांकडे. मुक्ता हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि तिने ते पुसलंही नाही. काकू तिथेच दारात खाली बसल्या. काका हात पुढे करून व्याह्यांना म्हणाले, "मी तुम्हाला मूर्ख म्हणालो होतो. चुकलो." व्याह्यांनी हात धरला आणि तो बराच वेळ सोडला नाही. दुसरी पोळी वाढा, असं त्यांनी खुणेनेच सांगितलं.

त्यानंतर दोन वर्षांनी काका निवृत्त होऊन मुंबईला गेले. आमचे शनिवार मोडले ते मोडलेच. सुहासने आणि मी जवळच्या इचिकावात एका हॉटेलात एकदा तसं बसून पाहिलं, पण दोघंच एकमेकांशी इतके समजुतीने वागलो की तासाभरात आपापल्या घरी गेलो. त्यांच्या फ्लॅटमध्ये आता एक तरुण जपानी जोडपं राहतं. मी त्या रस्त्याने जातो तेव्हा वर बघायचं टाळतो. आठवण येते, सरळ सांगतो, फार येते.

मग मुक्ताला मुलगी झाली. बारशाच्या दिवशी मी अमेरिकेला फोन लावला. मुक्ताने घेतला. मागे भांड्यांचे, माणसांचे आवाज होते, आणि त्या सगळ्यांवरून दोन म्हाताऱ्यांचे.

"दादा, बाबांना पाळणा बांधायला सांगितला होता," ती म्हणाली. "दोघं तासभर गॅरेजमध्ये आहेत. पाळणा तसाच पडलाय."

"कशावरून चाललंय?"

"तेच. कोण कोणाच्या बाजूने आहे ते आज मला कळतच नाहीये. हाक मारू का बाबांना?"

"नको, राहू दे," मी म्हणालो. "बाळ उठेल ना पण त्या आवाजाने? दार लावून घे."

"नाही लावणार," मुक्ता म्हणाली. "मीच उघडून ठेवलंय."