माकणीतली शून्य बेकारी

देशाचं बरं चाललंय की नाही हे तीन गोष्टींवरून कळतं, असं शंभुलिंग सर सांगतात. उत्पादन वाढतंय का, भाव आवाक्यात आहेत का आणि हाताला काम आहे का. पहिल्या दोन गोष्टींची काळजी वाहायला मोठी माणसं आहेत. तिसरी कळंबच्या शंभुलिंग सरांकडे आहे. कंत्राटी तत्त्वावर, स्वतःच्या मोटरसायकलवर.

सरांनी बावीस वर्षं विनाअनुदानित शाळेत भूगोल शिकवला. अनुदान आज येईल, उद्या येईल म्हणता म्हणता शाळाच गेली. आता ते रोजगाराच्या सरकारी पाहणीसाठी गावोगाव फिरतात. एका जागी बसणं त्यांना जमत नाही. चहा उभ्यानं पितात, पंगतीत भात यायच्या आधी घड्याळ बघतात. कारण घरात आहे. मुलगा बसवेश एकोणतीस वर्षांचा, एम.एस्सी., दोन वर्षांपासून घरी. स्थळं येतात, ‘मुलगा काय करतो’ इथवर पोचतात आणि तिथून परततात. अशी दोन गेली. तिसरं परंड्याचं, येत्या रविवारी यायचं होतं. हे गेलं तर चौथं येईल याची सरांना खात्री नव्हती.

त्याच आठवड्यात सरांना माकणी गावातली आठ घरं करायची होती. पाहणीचा नियम तसा उदार आहे. गेल्या सात दिवसांत एखाद्या दिवशी तासभर जरी काम केलं असेल, तरी माणूस कामावर धरतात. काम नाही आणि शोधतोय, तो बेकार.

पहिल्या घरी हणमंतप्पांनी सांगितलं, आमचा इंद्रजित पुण्याला कंपनीत असतो. इंद्रजित त्या वेळी चार हात अंतरावर गाडी धूत होता. सुट्टीवर आलाय, असं हणमंतप्पांनी न विचारता सांगितलं. दुसऱ्या घरचा पोरगा हैदराबादला होता, तिसऱ्याचा बँकेत लागल्यातच जमा होता. पहिल्या घरी चहा-बिस्किटं झाली, चौथ्या घरी पोहे आले, सातव्या घरी शिरा. पाहणीच्या माणसाला एरवी पाणीसुद्धा मागून घ्यावं लागतं, पण सरांना शंका आली नाही. संध्याकाळी टॅब भरला होता आणि पोटही. अकरा तरुण पोरं, अकराही कामावर.

दुसऱ्या दिवशी वरच्या कार्यालयातून मॅडमचा फोन आला. माकणीत बेकारी शून्य कशी, असं त्यांनी विचारलं. इतकं अजून कुठल्या देशाला जमलेलं नाही, तेव्हा परत जाऊन या.

शुक्रवारी सर पुन्हा हणमंतप्पांच्या ओट्यावर टेकले. चहा आला. मग हणमंतप्पांनी आवाज खाली आणून विचारलं, “सर, पोरगी कितवी शिकलीय?”

“कुणाची पोरगी?”

“तुमच्याकडची. जिच्यासाठी चौकशी चाललीय ती.”

सरांनी गळ्यातलं ओळखपत्र पुढं केलं. हणमंतप्पांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. म्हणाले, “मुलीकडचे आजकाल सरळ सांगून येत्यात व्हय? पोराचं शिक्षण विचारलंत, शेती किती विचारलंत, घरात कमावतं कोण ते लिहून घेतलंत. सरकारला कशाला पायजे एवढं?”

सरांनी अर्धा तास घालून पटवलं की पोरगी नाही. हणमंतप्पांचा चेहरा उतरला. “मग पयलंच सांगायचं की,” एवढंच म्हणाले आणि पोराला हाक मारून आत निघून गेले. इंद्रजितनं सगळं स्वतः सांगितलं. कंपनीनं दिवाळीला घरी पाठवलं, परत बोलावलं नाही, अर्ज टाकतोय. त्यानंतर प्रत्येक दारात सरांनी आधी ‘मी मुलीकडचा नाही’ असं सांगितलं आणि मग नाव. अकरापैकी सात पोरं बेकार निघाली. पोहे कुठंच आले नाहीत.

रविवारी परंड्याहून मुलीचे मामा आले. सरांची तयारी होती. गुरुवारी चुलतभाऊ लग्नाला गेला म्हणून बसवेश त्याच्या खताच्या दुकानात तीन तास बसला होता. म्हणजे नियमानं तो कामावर होता, आणि हे सरकारला मान्य होतं. बायकोनं त्यावर ‘कृषी क्षेत्रात आहे’ असं वाक्यही बसवून दिलं होतं.

मामांनी विचारलं, मुलगा काय करतो?

सर उठले, खिडकी उघडली, परत बसले. त्यांच्या डोळ्यांपुढं गाडी धुणारा इंद्रजित आला.

“गेल्या सात दिवसांत तीन तास दुकानात बसला. बाकी काम न्हाय. शोधतोय.”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मामांनी एकदा बसवेशकडं बघितलं, चहा संपवला आणि कळवतो म्हणाले.

पाहणीत त्याच घरांना दर महिन्याला जावं लागतं. पुढच्या महिन्यात सर माकणीला पोचले तेव्हा हणमंतप्पा ओट्यावरच होते. सरांनी आल्या आल्या टॅब काढला. इंद्रजितला अजून काम नव्हतं. ते लिहून झालं.

“तुमाला बी पोरगा हाय म्हणं. त्याला काय लिवलंय?” हणमंतप्पांनी विचारलं.

“आमचं घर पाहणीत न्हाय, आप्पा.”

“आन् सोयरीक?”

“परंड्याचे आले होते. कळवतो म्हणालेत.”

“कवा?”

“महिना झाला.”

 हणमंतप्पांनी मान वळवून आत चहा सांगितला. सर बसून राहिले, आणि चहा येईपर्यंत त्यांनी घड्याळ बघितलं नाही. फोन मात्र दोनदा बघितला.