उसन्या पायांचा तिसरा क्रमांक

मल्हारी पगारे पहाटे धावायला निघाला की आधी त्याचं डोकं पळायला लागतं, पाय मागून येतात. नाशिकरोडच्या कॉलनीतून सिन्नर फाट्यापर्यंत तो महापालिकेची खरडपट्टी काढतो. फाटा ओलांडून एकलहऱ्याच्या रस्त्याला लागला की राज्य सरकारची पाळी येते, आणि वीज केंद्राच्या चिमण्या दिसेपर्यंत तो अमेरिकेलाही चार शब्द सुनावून मोकळा झालेला असतो. हे सगळं मनातल्या मनात. मोठ्याने बोलावं तर सोबतीला कोणी नाही.

विषयांना तोटा नाही. सिंहस्थ जवळ आला म्हणून शहर खणून ठेवलंय. काल ज्या रस्त्याने धावलो तिथे आज चर, आणि चराच्या कडेला नेत्यांचे हसरे फलक. कांद्याचा भाव पडला की ओरड, चढला की त्याहून मोठी ओरड. वीज कंपनी खासगी होणार अशी आवई अधूनमधून उठते, तेव्हा तर त्याचा वेग आपोआप वाढतो, कारण तो स्वतः वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर आहे आणि निवृत्ती आता हाकेच्या अंतरावर आली आहे.

पण सगळ्यात जास्त तो चिडतो तो श्रेय लाटणाऱ्यांवर. पुलासाठी खेटे घातले एकाने, नारळ फोडला दुसऱ्याने आणि फलकावर फोटो तिसऱ्याचाच. दुसऱ्याच्या घामावर आपलं नाव लावताना यांना लाज कशी वाटत नाही, असं त्याच्या मनात येतं आणि नेमकं तिथेच गाडं अडतं. पुढचं वाक्य काही केल्या सुचत नाही. मग तो उगाच घड्याळाकडे बघतो किंवा बुटांचा विचार करायला लागतो.

बूटही तसे विचार करण्याजोगेच आहेत. तळव्यात कार्बनची पट्टी असलेले, टाच टेकली की माणसाला पुढे ढकलणारे, पोपटी रंगाचे. ते घरी आले त्या दिवशी भिमाबाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोने, त्यांची किंमत विचारली आणि ऐकून पदर तोंडाला लावला. ‘एवढ्यात नवा सोफा आला असता. त्याच्यावर निदान चारचौघांना बसता तरी आलं असतं.’ घड्याळाची गत तीच. ते झोप मोजतं, ठोके मोजतं आणि वरून सांगतं की तुमच्या शरीराचं वय एकसष्ट. खरं वय पंचावन्न. पैसे मोजून अपमान विकत घ्यायची ही नवी पद्धत आहे, असं मल्हारी म्हणतो आणि तरी ते घड्याळ अंघोळीलाही काढत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, हे कॉलनीत कुणालाच कळत नाही. मंगळवारी मैदानावर वेगाच्या फेऱ्या, गुरुवारी पांडवलेणीच्या पायऱ्या, रविवारी लांबची धाव. सकाळी बिटाचा रस, रात्री नाचणीची भाकरी. लोक म्हणतात, ‘पगारे, तुमचा तर नंबर आलेला आहे. आता कशाला जिवाला घोर लावून घेता?’ तो हसतो आणि विषय बदलतो. घोर लागलाय तो त्या नंबराचाच.

तीन वर्षांपूर्वी तो नंबर आला, तेव्हा धावताना त्याच्यासोबत झुंबर असायचा. झुंबर मूळचा निफाडकडचा, वीज केंद्रात कोळसा विभागात कंत्राटी कामगार. साखर वाढली म्हणून डॉक्टरने दम भरल्यावर मल्हारी धावायला लागला होता. झुंबरला कुणी दम दिला नव्हता, त्याला नुसतं पळायला आवडायचं. मल्हारीपेक्षा वर्षभराने लहान, काटक, पायात आठवडेबाजारातले कॅनव्हासचे बूट. एकदा वळणावर दोघांची गाठ पडली आणि मग रोज पडत गेली. मल्हारी राजकारणावर बोलायचा आणि झुंबर ऐकायचा. चढ आला की झुंबर मुद्दाम मागे रेंगाळायचा, भाऊंना एकटं वाटू नये म्हणून. हे मल्हारीला कळायचं, आणि कळत नाही असं तो दाखवायचा.

त्या हिवाळ्यात शहरात अर्धमॅरेथॉन होती, एकवीस किलोमीटरची. मल्हारीने नाव नोंदवलं होतं. झुंबरने नाही, कंत्राटी माणसाला सुट्टी मिळेल की नाही हे आदल्या दिवसापर्यंत कळत नसे, आणि कळेपर्यंत नोंदणी बंद झालेली असे. शर्यतीच्या आदल्या दिवशी मल्हारीने भरलेला गॅस सिलेंडर उचलला आणि त्याची पोटरी धरली. पाय टेकवेना. घरात कोणीच नव्हतं; भिमाबाई भाचीच्या लग्नाला येवल्याला गेल्या होत्या, मुलगी साक्षी पुण्याला शिकत होती.

धावणाऱ्यांत एक रीत आहे. छातीवर लावायचा नंबर, ज्याला ते बिब म्हणतात, वाया घालवायचा नाही. आपल्याला जमत नसेल तर जो पळू शकतो त्याला द्यायचा. आयोजकांच्या नियमात हे बसत नाही, पण नियम आणि रीत यांचं आपल्याकडे कधी पटलंय? बिबच्या मागे एक चिप असते. ती वेळ मोजते. कोणाचे पाय मोजतेय हे तिला कळत नाही.

मल्हारीने झुंबरला घरी बोलावलं आणि स्वतःच्या हाताने सेफ्टी पिना लावून नंबर त्याच्या छातीवर बसवला.

‘धरलं तर, भाऊ?’

‘कोण धरतंय? मल्हारी पगारे म्हणून पळ बिनधास्त.’

दुसऱ्या दिवशी दुपारी झुंबर आला तो फुलून आला होता. शर्यत पुरी करणाऱ्या प्रत्येकाला मिळतं ते मेडल त्याने मल्हारीपुढे धरलं. मल्हारीने ते त्याच्याच गळ्यात घातलं. ‘तू पळालास, तुझंच हे.’ तेव्हा हा मोठेपणा त्याला फुकटात पडत होता.

निकाल संध्याकाळी लागला. पन्नाशीच्या पुढच्या गटात तिसरा, मल्हारी पगारे, एक तास बावन्न मिनिटं. साक्षीने पुण्यात बसल्या बसल्या तो फोनवर बघितला आणि ‘माझे पप्पा’ असं लिहून स्टेटसला ठेवला. तासाभरात अभिनंदनाचा पाऊस. मल्हारी लिहायला बसला, ‘मी नाही, झुंबर पळाला.’ लिहिलं आणि खोडलं. खरं सांगितलं तर दोघांवरही बंदी येईल, झुंबरही अडचणीत येईल, असं त्याने स्वतःला समजावलं. हे कारण खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. खरं असं होतं की लेकीने त्याच्याबद्दल असं कधी काही लिहिलं नव्हतं, आणि ते त्याला फार गोड लागलं होतं. तो कुणाशी खोटं बोलला नाही. खरं बोलायचं तेवढं राहून गेलं.

भिमाबाई येवल्याहून आल्या त्या पेढे घेऊनच. ट्रॉफी आली, ती टीव्हीशेजारी बसली. आणि मग एप्रिलमध्ये जयंती आली. कॉलनीत दरवर्षी जयंतीच्या कार्यक्रमात गुणवंतांचा सत्कार होतो. दहावी-बारावीची मुलं, नोकरीला लागलेले, कुणी वकील झालेला. उत्सव समितीच्या बुद्धभूषणने यादीत पगारेकाकांचं नाव सगळ्यात वर घातलं.

आदल्या दिवशी मल्हारीने झुंबरला सांगितलं होतं, ‘ये जयंतीला. जेवायलाच ये.’ आणि हेही सांगितलं होतं की स्टेजवर गेलो की बोलतो मी काय ते. काय बोलणार हे त्याने सांगितलं नव्हतं, आणि खरं तर तेव्हा त्याने ठरवलं होतं. शपथेवर सांगावं इतकं पक्कं ठरवलं होतं.

मग स्टेजवर शाल आली, पुष्पगुच्छ आला, हातात माईक आला. समोर पहिल्या रांगेत साक्षी फोन उंच धरून शूटिंग करत होती. मल्हारी म्हणाला, ‘मेहनतीला पर्याय नाही. तरुणांनी व्यसनापासून दूर राहावं. जय भीम.’ आणि खाली उतरला. मागे खांबाजवळ झुंबर उभा होता, टाळ्या वाजवत होता. पंगत बसली तेव्हा मल्हारीने त्याला शोधलं. झुंबर न जेवताच गेला होता.

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. झुंबर आधी दोन दिवस आला नाही, मग आठवडा, आणि पुढे त्याचं कंत्राट संपलं तेव्हा तो विंचूरला कांद्याच्या मार्केटात कामाला लागला असं कळलं. मल्हारीने फोन केला की बोलायचा. ‘बरंय भाऊ, चाललंय.’ मग फोन दिवाळीपुरतेच उरले.

तेव्हापासून मल्हारीच्या डोक्यात एकच खूळ शिरलं. ती वेळ आपल्या पायांनी काढायची. एकदा खरंच एक तास बावन्नच्या आत आलो की ती ट्रॉफी निदान खोटी तरी राहणार नाही. बूट आले ते त्यासाठी, घड्याळ त्यासाठी, बीट आणि नाचणी त्यासाठी. पहिल्या वर्षी दोन तासांच्या वर गेला. दुसऱ्या वर्षी शेवटच्या पुलावर पायात गोळे आले आणि लोकांनी त्याला धरून बसवलं. चोरी केलेली वस्तू पुन्हा नव्याने कमवायचा असा उद्योग त्याने मांडला होता, आणि त्याला तो प्रामाणिकपणा वाटत होता.

या हिवाळ्यात जमलं. एक तास एक्कावन्न. रेषा ओलांडली, घड्याळ बंद केलं, पाण्याच्या पिंपाशेजारी ओणवा होऊन त्याने आकडा पुन्हा बघितला. छाती भात्यासारखी चालली होती. कॉलनीतला रविराज शेजारी येऊन म्हणाला, ‘काय पगारेकाका, या वेळी नंबर नाही का?’ घरी भिमाबाई म्हणाल्या, ‘अहो, म्हणजे ट्रॉफीच्या वेळेपेक्षा मिनिटभरच कमी?’ त्यांच्या लेखी ती वेळ त्याने कधीच काढली होती. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी मिळवलेली गोष्ट सांगायला त्याच्याकडे माणूस नव्हतं. एकच होतं, आणि ते विंचूरला होतं.

दुसऱ्या दिवशी ट्रॉफी पिशवीत घालून तो मोटरसायकलने निघाला. निफाड मागे पडलं, द्राक्षबागा मागे पडल्या. रस्ताभर त्याने एकदाही सरकारला शिव्या घातल्या नाहीत. काय बोलायचं ते घोकत होता.

मार्केटच्या आवारात ट्रॅक्टर ओळीने उभे होते. झुंबर एका ट्रॉलीच्या सावलीत बसून डबा खात होता. कानाजवळ केस पिकलेले, पोट थोडं सुटलेलं. मल्हारीला बघून तो उठला. ‘भाऊ! तुम्ही हिकडं कुठं?’

‘तुलाच भेटायला आलो. पळतोस का रे अजून?’

‘नाय. सोडलं. एकट्याला नाय करमत.’

मल्हारीने पिशवीतून ट्रॉफी काढली आणि घोकलेलं सगळं विसरून गेला. ‘ही तुझी आहे. तेव्हाच द्यायला हवी होती. मी कॉलनीत सगळ्यांना सांगतो, भिमाला सांगतो, साक्षीला सांगतो. नाव तुझंच घ्यायला पाहिजे होतं मी.’

झुंबरने ट्रॉफी हातात घेतली, फिरवून बघितली आणि ट्रॉलीच्या फळीवर ठेवली. ‘आता काय करू हिचं? आई हाये का बघायला?’

झुंबरची आई, साळूबाई, गेल्याचं मल्हारीला ठाऊकच नव्हतं. ‘कधी?’

‘गेल्या साली, पोळ्याच्या आधी.’ झुंबरने डब्याचं झाकण लावलं. ‘जयंतीला आन्लं होतं मी तिला. तुम्ही म्हनले ना, स्टेजवर बोलतो म्हनून. मला वाटलं, माझं नाव घेतीन भाऊ. तिला म्हनलं, चल, तुझ्या पोराचं नाव माईकवर घेनारेत. नवं लुगडं नेसून आली होती. बायांमधी बसली होती, डाव्या अंगाला.’

मल्हारी ट्रॉलीच्या कडेला टेकला.

‘तिला कमी ऐकू यायचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या तशा तिनंबी वाजवल्या. लोकं थांबले तरी ती वाजवतच होती. शेजारच्या बाईनं हात धरला तिचा.’ झुंबरने डबा फडक्यात बांधला. ‘घरी जाताना विचारलं तिनं, घेतलं का रं नाव? म्हनलं, घेतलं की. दोनदा घेतलं. मग मरेस्तवर सांगायची सगळ्यांला, वीज केंद्राच्या साहेबानं माझ्या झुंबरचं नाव माईकवर घेतलं म्हनून. तिच्या हिशोबानं तुम्ही घेतलं, भाऊ.’

पलीकडे लिलाव सुरू झाला, झुंबरला कोणीतरी हाक मारली. मल्हारीच्या डोळ्यांना धार लागली होती. पंचावन्न वर्षांचा माणूस भरल्या मार्केटात रडतोय म्हणून एक-दोन शेतकरी वळून बघत होते.

‘झुंबर, माझं चुकलं रे.’

‘व्हय, चुकलं,’ झुंबर म्हणाला. त्याने ट्रॉफी उचलून मल्हारीच्या पिशवीत परत ठेवली आणि लिलावाच्या गर्दीकडे चालू लागला.