बस्त्यावचा गुडघा

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितोय. सातवीपर्यंतच शिकलोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आज मरोळ गावठाणात आम्ही जुने फुटबॉलवाले एका मोठ्या खेळाडूवरची डॉक्युमेंटरी बघायला जमलो. तो त्यात सांगतो, कोच म्हणाला म्हणून दुखऱ्या गुडघ्यात इंजेक्शन घेऊन खेळलो.

पास्कू म्हणाला, "याला म्हणतात खेळाडू!"

जॉनी उखडला. "कसला खेळाडू? कोचने वाट लावली ना त्याची!"

माझ्या शेजारी बस्त्याव काठी धरून बसला होता.

पूर्वी आमच्याकडे सणाला लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे अशी मॅच व्हायची. भात कापलेल्या शेतात, अनवाणी. आता तिथे टॉवर आहे. त्या वर्षी बस्त्यावचं लग्न आठवड्यावर आलं होतं आणि गुडघा सुजलेला. मी बिनलग्नाच्यांचा कॅप्टन. म्हटलं, "पुढच्या वर्षी तू त्यांच्यात जाशील. आज खेळ रे."

खेळला. गोल मारला आणि पडला. लग्नाच्या फोटोत नवरी उभी आहे, हा खुर्चीत. लग्न झालेल्यांकडून तो कधीच खेळला नाही.

इतक्या वर्षांत धीर झाला नव्हता. आज विचारलं, "राग आहे काय रे माझ्यावर?"

तो टीव्हीकडेच बघत म्हणाला, "गप बस. त्या दिवशी तू मला बाहेर बसवलं असतंस, तर जन्मभर बोललो नसतो तुझ्याशी."

पायऱ्या उतरताना त्याने नेहमीसारखा माझा खांदा धरला.

तो खरं बोलला, की मला बरं वाटावं म्हणून? तुम्हाला काय वाटतं?