आहेराची साडी आणि सूर्यावरचा खर्च

पन्नाशी उलटल्यावर मी पीएच.डी.साठी नाव नोंदवले. तोपर्यंत जालन्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत होते आणि वर्गाबाहेर फारसे बोलत नव्हते. मार्गदर्शकांनी सुचवलेला विषय ऐकून मला आधी हसूच आले. पृथ्वीचा ताप उतरवण्यासाठी सूर्याचा थोडा प्रकाश अवकाशात परत पाठवता येईल का, यावर जगात काही ठिकाणी संशोधन चालते. कोणी आकाशात उंचावर सूक्ष्म कण सोडण्याचा विचार करतो, कोणी समुद्रावरचे ढग अधिक पांढरे करण्याचा. या संशोधनावर साऱ्या जगाचा मिळून किती पैसा खर्च होतो, त्याचा अंदाज मला करायचा होता.

तो विद्यापीठातील चर्चासत्रात मांडायचाही होता. खरी भीती त्याची होती. आधीच्या सत्रात मी माझा निबंध एका सहाध्यायिनीला वाचायला दिला होता आणि स्वतः मागच्या रांगेत बसून राहिले होते. या वेळीही तसेच घडले, तर हा उद्योग सोडून द्यायचा, असे मी कोणालाही न सांगता ठरवले होते.

मे महिन्यात पुतण्याच्या लग्नाला तीर्थपुरीला गेले, तेव्हा माझी बेरीज पूर्ण झाली होती आणि आकडा चांगला भरघोस निघाला होता. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बायका आलेले आहेर लावत बसलो होतो.

"मॅडम सध्या काय करून राह्यल्या म्हणे?" नवरदेवाची आई, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, यांनी विचारले. मी शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितले.

"सूर्याला पडदा? मंग आमचे पापड कसे वाळायचे?"

"अजून कोणी लावला नाही, जाऊबाई. नुसता अभ्यास चालला आहे."

"नुसत्या अभ्यासाला खर्चा! अन् तो खर्चा मोजायला आणखी तू!"

सगळ्या हसल्या, मीही हसले. तेवढ्यात जाऊबाईंनी ढिगातून एक हिरवी साडी ओढली आणि तिचा पदर उलगडला.

"थांबा! ही तर म्याच दिल्ती, भाचीच्या लग्नात! हा बघा पदराचा डाग. बिलकुल तीच हाय!"

"म्हंजी भाचीला डागाची साडी दिल्ती का, वहिनी?" नणंदेने लगेच पकडले.

"डाग बारीक व्हता! अन् तिनं तरी कुठं नेसली?"

मग चौकशी सुरू झाली. भाचीच्या सासूने ती साडी दुसऱ्या एका लग्नात दिली होती. तिथून कोणाकोणाच्या हातून फिरत ती काल नवरीच्या मामीकडून पुन्हा याच घरी आली होती.

"ह्या साडीनं माझ्यापेक्षा जास्ती गावं पाह्यली," जाऊबाई म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

माझे हसू मात्र मध्येच थांबले. यातल्या प्रत्येकीला विचारले असते, तर तिने एक साडी दिल्याचे सांगितले असते, आणि त्यात खोटे काहीच नव्हते. साडी मात्र एकच होती. एखादी धर्मादाय संस्था पैसा संशोधन संस्थेला देते, ती तो विद्यापीठाकडे सोपवते, विद्यापीठ प्रयोगशाळेला. प्रत्येक जण तो आपल्या अहवालात आपला म्हणून दाखवतो, आणि मी ते सगळे आकडे एकत्र मिळवले होते.

उन्हाळ्याची उरलेली सुट्टी मी प्रत्येक रकमेच्या मागे फिरण्यात घालवली. पैसा अखेरीस जिथे प्रत्यक्ष संशोधनावर खर्च झाला, तिथेच तो धरायचा, असा नियम केला. काही रकमांचा माग लागेना. काही ठिकाणी हवामानाच्या सर्वसाधारण संशोधनातून हा भाग वेगळा काढता येईना. म्हणून एका आकड्याऐवजी किमान आणि कमाल अशा दोन मर्यादा दिल्या. बेरीज दिवसेंदिवस घटत होती आणि माझा उत्साह वाढत होता. स्वयंपाक करताना मी गुणगुणते आहे, हे मला घरच्यांनी सांगितले.

चर्चासत्रात माझी पाळी आली, तेव्हा सहाध्यायिनीने सवयीने कागदासाठी हात पुढे केला. "आज मीच वाचते," मी म्हणाले. पहिले पान मी मान वर न करता वाचले. मग पुढच्या रांगेतून एका प्राध्यापकांनी विचारले, "तुमचा आकडा इतका लहान कसा? इतरत्र तर कितीतरी मोठा सांगतात."

याचे उत्तर कागदावर नव्हते. मी कागद खाली ठेवला आणि कोणता पैसा कुठून निघाला, वाटेत कोणी तो आपला म्हणून सांगितला, अखेरीस कुठे पोचला, ते सांगू लागले. कोणीतरी प्रतिप्रश्न केला, त्यालाही उत्तर दिले. अध्यक्षांनी घंटी वाजवली ती मला ऐकूच आली नाही. त्यांनी पुन्हा वाजवली.

"मॅडम, वेळ संपली."

"एकच मुद्दा राहिला आहे, सर," मी म्हणाले, आणि बोलत राहिले.