हिरवा रंग नको, म्याडम

"ह्याच्या खाली काय हाय?" असं म्हणून काका माझ्या स्क्रीनवर सबंध तळहात ठेवायचे.

मी नकाशे करते. कागदावरचे नाहीत, कोड लिहून केलेले, मोबाइलवर उघडणारे. सगळ्यात खाली उपग्रहाचं चित्र, त्यावर शेतांच्या हद्दी, त्यावर रस्ते, विहिरी, घरं, आणि वरून पाणी. असे एकावर एक थर. बटण दाबलं की थर दिसतो, पुन्हा दाबलं की जातो. शुक्रवार पेठेत एका चादरीच्या दुकानावर आमच्या ऑफिसच्या दोन खोल्या आहेत. काका जमीन मोजणीतून रिटायर झालेले. जुने गावनकाशे आम्हा पोरापोरींना वाचता येईनात, म्हणून त्यांना बोलावलं होतं.

हाताखाली झाकलेल्या जागेत काय आहे ते मी तोंडी सांगायचं. सांगता आलं नाही की ते म्हणायचे, "मग तितं पाय ठिवून कोण आलंय?" मी काय डोंबल पाय ठेवणार? दिवसभर खुर्चीत! त्यांचा हात गेला की स्क्रीनवर पाच बोटं उमटलेली असायची. मी ती पुसायचे आणि धुसफुसायचे.

भित्री माणसं तुम्हीही पाहिली असतील. काका साहेबाला घाबरत नव्हते, साप-विंचवाला घाबरत नव्हते. ते फक्त नकाशाला घाबरायचे. काम पूर्ण होऊन सगळे टाळ्या वाजवत असले, की हे कोपऱ्यात चष्मा पुसत उभे.

एकदा माझ्याकडून अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली आणि एका तालुक्याच्या सगळ्या विहिरी उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात जाऊन पडल्या. ऑफिस हसून लोळलं. काका वाकून बघत म्हणाले, "लई गार पाणी लागलं की, म्याडम." मग हळूच म्हणाले, "ही चूक बरी. दिसली तरी. दोनचारशे पावलांची चूक असती तर कुणाला दिसली असती?" मी म्हटलं, काका, शुभ बोला.

मग उजनीच्या काठावरच्या वस्त्यांचं काम आलं. धरण भरून पाणी मागं फुगलं की कुठलं घर बुडेल आणि कुठलं नाही, ते लोकांना आपापल्या मोबाइलवर बघता यावं, असा नकाशा. उद्याच्या पाण्याचा निळा थर ज्या घराला शिवेल ते घर लाल, बाकीची हिरवी.

"हिरवा रंग नको, म्याडम," काका म्हणाले. "लाल असू द्या. बाकीचं कोरं ठिवा. हिरवं बघितलं की माणूस निवांत हुतो."

"अहो, निवांत व्हावं म्हणूनच करतोय ना!"

"तुमाला ठावं न्हाय," ते म्हणाले. त्यांचं आजोळ त्याच धरणात गेलेलं. पाणी इथवर येणार नाही असं कुणीतरी कागदावर बोट ठेवून सांगितलं होतं आणि मामानं त्या भरवशावर गोठा हलवला नव्हता. पुढचं त्यांनी कधी सांगितलं नाही. पण काम देणाऱ्यांना हिरवा हवा होता, आणि खरं सांगायचं तर मलाही. दिसायला छान दिसत होता.

एका वस्तीचा जुना कागदी नकाशा उपग्रहाच्या चित्रावर बसत नव्हता. घरं पत्र्याची, उसात लपलेली, म्हणून तीही कागदावरूनच घ्यायची. जुन्या खुणा पाण्यात गेलेल्या. एक देऊळ तेवढं दोन्हीकडे दिसत होतं, त्यावर मी कागद बसवून टाकला. काकांनी विचारलं, "कुटल्या देवळावर?" मी खेकसले, "काका, गावात एकच देऊळ आहे!" ते चष्मा पुसत जागेवर गेले. ते खेकसणं आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या पावसाळ्यात वरच्या धरणांतून पाणी सुटलं. सकाळी बघते तर काकांची खुर्ची रिकामी. पहाटेच्या एसटीनं ते त्याच वस्तीवर गेले होते. शेतात विहिरी नोंदवायला सोपं जावं म्हणून त्यांच्या मोबाइलची जागा आमच्या नकाशावर ठिपक्यानं दिसेल अशी सोय मीच केली होती. अकराच्या सुमारास फोन आला.

"म्याडम, मी कुटं दिसतोय?"

"तुम्ही पाण्यात आहात, काका," मी हसत म्हणाले. "म्हणजे उद्याच्या पाण्यात. वस्ती वर आहे, टेकाडावर."

"मी वस्तीतच हाय. एका घराच्या उंबऱ्यावर उबा हाय."

माझं हसू जागच्या जागी विरलं.

"देऊळ हललंय, म्याडम. जुनं धरणात गेलं. लोकांनी त्येच देऊळ वर नवं बांधलंय. तुमी जुना कागद नव्या देवळावर बसवला."

दोनचारशे पावलं! फोनमध्ये मागून एका बाईचा आवाज येत होता, "आमचं हिरवं हाय की! मोबाइलात बगा. कशाला उटवताय जनावरं?" ती माझाच नकाशा त्यांना दाखवत होती.

"ही माणसं माझं ऐकत न्हाईत," काका म्हणाले. "तुमचं ऐकत्यात. कागद सरकवा."

"कशावर बसवू, काका? खूणच नाही!"

"माझ्या पायावर बसवा. कागदावर हद्दीचं दगड हाईत, वरनं दिसत न्हाईत. मी त्येंच्यावर उबा ऱ्हातो, तुमी ठिपका धरा."

ते पहिल्या दगडावर गेले. मी धरला. धापा टाकत दुसऱ्यावर गेले. धरला. तिसरा दगड खाली, पाण्याच्या कडेला होता.

"काका, दोन पुरेत. जाऊ नका."

"दोनाचा भरवसा न्हाय. तिसऱ्यानं कळतं."

ठिपका खाली खाली सरकत गेला आणि थांबला. "आता," एवढंच ऐकू आलं, मग पाण्याचा आवाज, आणि फोन बंद.

मी कागद बसवला. एकेक करत वस्तीतली सगळी घरं लाल झाली. काकांचा ठिपका मात्र त्या तिसऱ्या जागी चिकटून राहिला. मी पुन्हा पुन्हा फोन लावत होते. मी आयुष्यात एवढी कधी घाबरले नव्हते. हे माणूस माझ्या देवळापायी तिथं उतरलं होतं.

चार तासांनी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"म्याडम, मोबाइल पाण्यात पडला. घरं लाल झाली न्हवं?"

मला रडूच फुटलं. "झाली हो, सगळी झाली. तुम्ही कुठं आहात?"

"देवळात. नव्या. समदी हितंच हाईत, शेरडंसुदीक."

दुसऱ्या दिवशी पाणी त्या उंबऱ्याच्या वर चढलं होतं.

त्यानंतर काकांचे गुडघे बोलायला लागले. ते कुर्डुवाडीला लेकीकडं राहायला गेले. पण वरून पाणी सुटल्याची बातमी आली रे आली की त्यांचा फोन यायचाच. "हिरवा न्हाय न्हवं?" मी म्हणायचे, "नाही हो, काका, कोरं आहे." माझ्या वाटणीचं घाबरायचं काम तेच करत होते, हे तेव्हा मला कळलं नाही.

या उन्हाळ्यात काका गेले. पावसाळ्यात पाणी सुटल्याची बातमी आली आणि फोन वाजला नाही. मी स्क्रीनसमोर बसले होते, नकाशा बिनचूक दिसत होता आणि मला त्याचीच भीती वाटायला लागली. शेवटी उठले आणि एसटी पकडली.

वस्तीवर एक म्हातारी दारात शेंगा निवडत होती. तिनं मला आणि हातातल्या मोबाइलला नीट न्याहाळलं. तिनं तोंड उघडलं आणि आवाजावरून मी तिला ओळखलं, फोनमध्ये "आमचं हिरवं हाय की" म्हणणारी हीच.

"औंदा त्या मोजणीवाल्या बाबाचा फोन न्हाय आला?"

"ते गेले, आजी. उन्हाळ्यात."

तिचे हात थांबले. मग म्हणाली, "आता आमाला भ्या कोण घालणार?"

"मी," मी म्हणाले, आणि तिसऱ्या दगडाकडं उतरायला लागले.