चतुराबाईंचं काळं कुंकू

परभणीच्या ईश्वरअप्पांना उजेड मोजायला यंत्र लागत नसे. डाव्या तळहाताच्या अर्ध्या भागावर विभूती आणि अर्ध्यावर कोळशाची भुकटी फासून ते हात फोटोला बसलेल्या माणसाजवळ धरत आणि डोळे अर्धवट मिटून बघत. राखेचे कण आणि कोळशाची खरखर दोन्ही ओळखू आली, की उजेड बेताचा. मग कॅमेऱ्याचं झाकण काढून परत लावेपर्यंत मनात ‘नमः शिवाय’ म्हणायचं. आभाळ भरलेलं असेल तर जरा सावकाश. याच हिशेबावर त्यांनी निजामाच्या राज्यातले कितीतरी तहसीलदार, नवरदेव आणि एक मेलेला घोडा मसाला लावलेल्या काचेवर उतरवला होता. घोड्याचा फोटो सगळ्यांत चांगला आला, कारण तो हलला नाही.

बोरीच्या आबासाहेबांनी गाडी पाठवून त्यांना बोलावलं आणि पत्नी चतुराबाईंबरोबर जोडीचा फोटो काढवून घेतला. आबासाहेबांचं धोतर इतकं पांढरंशुभ्र होतं, की अप्पांनी हात धोतरापाशीच धरला आणि उजेड त्याच्याच बेतानं ठरवला. धोतराची घडी न् घडी उमटली. चेहरे मात्र काळवंडले, आणि चतुराबाईंच्या कपाळावरचं ठसठशीत कुंकू कोळशासारखं आलं.

फोटो बोरीला पोचला तेव्हा शेजारच्या धुरपताबाईंनी तो उजेडात नेऊन निरखला. मग म्हणाल्या, “कुंकू काळं पडलंय की वं.”

आबासाहेबांनी ते ऐकलं आणि त्याच दुपारी अंथरूण धरलं. आपल्यात आता काही राम नाही, कॅमेऱ्यानं ते आधीच ओळखलं, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले. जेवण सोडलं. आवडता बैल मेहुण्याला देऊन टाकला. वैद्यानं नाडी बघून काही झालेलं नाही असं सांगितलं, तर त्याच्यापुढे फोटो धरला. वैद्यही विचारात पडला. उशाशी चतुराबाई लालभडक कुंकू लावून वारा घालत बसलेल्या, आणि आबासाहेब त्यांच्याकडे पाठ करून फोटो बघत पडलेले.

परभणीला निरोप आला, की आबासाहेबांचं बरंवाईट झालं तर अप्पांनी बोरीच्या वाटेला जाऊ नये. आपण काढलेल्या फोटोनं एक धडधाकट माणूस मरायला टेकला होता.

काचा धुवायच्या अंधाऱ्या खोलीत त्यांनी लाल काचेचा कंदील लावला आणि ती जोडीची काच पुन्हा हातात घेतली. इतकी वर्षं ते याच उजेडात काम करत आले होते. लाल उजेडानं काच बिघडत नाही हे त्यांना ठाऊक होतं. का बिघडत नाही, हे त्यांनी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. काचेला लाल दिसतच नाही. दिसत नाही ते तिच्या लेखी अंधार. कुंकू आणि काजळ तिला सारखंच. निळं मात्र तिला इतकं दिसतं, की निळं आभाळ फोटोत पांढरं येतं.

सगळं सामान गाडीत भरून ते बोरीला गेले आणि आबासाहेबांना हे शांतपणे समजावून सांगितलं. आबासाहेबांनी ऐकून घेतलं.

“म्हंजी काचेला कुंकू दिसलंच न्हाई,” ते म्हणाले. “दिसाया आधी ते असाया तर पायजे, अप्पा.”

आणि त्यांनी कूस बदलली.

आता एकच उपाय उरला. कुंकू फोटोत फिकं आणायचं आणि मग त्यावर कुंचल्यानं लाल रंग भरायचा. काळ्यावर रंग चढत नाही. अप्पांनी कुंकवाच्या जागी विभूती लावायला सुचवलं, तशा चतुराबाई ताठ झाल्या.

“नवरा जित्ता असताना राख लावू व्हय कपाळाला?”

मग कपडे धुवायची नीळ निघाली. तिलाही त्या तयार झाल्या, पण कुंकू पुसू देईनात. पुसलं की फोटोतलं अशुभ खरंच होईल, हे त्यांचं म्हणणं. “त्याच्यावरूनच लावा काय लावायचं ते.”

निळीचा घट्ट गोळा करून कुंकवावर थापला. चतुराबाईंना ओसरीच्या सावलीत बसवून अप्पांनी या खेपेला हात कपाळापाशी धरला. धोतर आता मध्ये नव्हतंच. धान्याच्या कोठीला घोंगड्या लावून तिथंच काच धुतली, उन्हात कागदावर फोटो उतरवला. चेहरा उजळ आला आणि कपाळावर फिकट टिकली उमटली. तिच्यात अप्पांनी श्वास रोखून लाल रंग भरला.

आबासाहेबांनी फोटो जवळ धरला, लांब धरला.

“लाल हाय,” ते म्हणाले आणि उठून बसले. भाकरी मागितली. मेहुण्याकडून बैल परत आणायला माणूस पाठवला.

चतुराबाई ताट घेऊन आल्या. शिकेकाईनं घासघासूनही नीळ निघाली नव्हती. खालच्या कुंकवात मुरून कपाळ पिकल्या जांभळासारखं झालं होतं. धुरपताबाईंनी तोंड फिरवलं. अप्पांचा जीव पुन्हा टांगणीला लागला. आबासाहेबांनी त्या कपाळाकडे इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पाहिलं.

“काय झालंय गं?”

“नीळ हाय. निघंना.”

“असू दी,” आबासाहेब ताटाकडे हात करत म्हणाले. “फोटूत लाल हाय ना.”

चतुराबाईंनी ताट मागं घेतलं. “मग भाकरी बी फोटूलाच मागा,” म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

ईश्वरअप्पांनी सामान आवरायचं निमित्त करून कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. काढलं तेव्हा खाट रिकामी होती. आबासाहेब आपल्या पायांनी चालत जाऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे होते आणि आत वाकून, हळू आवाजात, भाकरी मागत होते.